पदर सरकू नये म्हणून

चिंचवडात आम्ही बिऱ्हाड केलं त्या दिवशी, सामानाच्या टांग्यातून माझा पाय जमिनीला लागायच्या आत शेजारच्या ओट्यावरच्या बाईने मला तीन प्रश्न विचारले. माहेर कुठलं, सासू सोबत का आली नाही, आणि ट्रंकेला सुतळी कशाला बांधलीय. पहिल्या दोहोंची उत्तरं मी दिली. तिसऱ्याचा मला राग आला, कारण ट्रंकेची कडी खरोखरच तुटलेली होती आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नये अशी माझी फार इच्छा होती. ती बाई म्हणजे छबूबाई.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. माझे यजमान पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात नुकतेच लागले होते. आम्ही वाईकडची माणसं, इथे ओळखीचं कुणी नाही. ते शिफ्टला गेले की घरात मी आणि चार भांडी. त्यामुळे छबूबाईवर कितीही चिडले तरी तासाभराने मी पुन्हा तिच्याच ओट्यावर जाऊन बसायचे.

तिचे प्रश्न कुठून कुठे जातील याचा नेम नसे. दूधवाल्याला ती विचारी, म्हैस तुला ओळखते का तुझ्या चरवीला. माझ्या यजमानांनी एकदा हौसेने सांगितलं की आमच्याकडचं औषध बुरशीपासून तयार होतं. छबूबाई विचारात पडली आणि दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन आमच्या दारात हजर. वर आलेली बुरशी टाकायची का ठेवायची, हे तिला कारखान्याच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. यजमान तेव्हापासून मागच्या दाराने कामावर जाऊ लागले.

एक मात्र खरं. विचारलेलं ती कुठे बोलत नसे. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या आतल्या गोष्टी तिला ठाऊक होत्या आणि त्यातली एकही तिच्या तोंडून दुसऱ्या घरात गेली नव्हती. तिला नुसतं कळून घ्यायचं असे. कळलं की तिचं समाधान व्हायचं आणि ती पुढच्या प्रश्नाला लागायची.

तिचा नवरा दौलतराव पगड्या बांधायचा. एके काळी म्हणे त्यांच्या दारात गिऱ्हाइकं ताटकळत बसायची. आता लोक टोपी घालून नाहीतर बोडक्या डोक्याने कामाला जात, आणि पगडी लग्नामुंजीपुरती उरली होती. पगडीच्या आतली टोपी छबूबाई शिवायची, वरच्या चुण्या दौलतराव बसवायचे. त्यांच्या पुढच्या खोलीत फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली असत, नाक-डोळे नसलेली, लहानमोठी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दचकले होते. मग सवय झाली.

आमच्या दोघींच्या समोरच्या घरात सावित्रीबाई राहायच्या. वय साठीच्या पुढे, अंगावर लाल आलवण, डोक्यावर केस नाहीत. ब्राह्मणांच्या घरातली बालविधवा. त्यांच्यानंतरच्या बायकांनी केस काढणं कधीच सोडून दिलं होतं, पण यांचं लहानपणापासून चालत आलेलं चालूच होतं. चिमाजी न्हावी ठरल्या वेळी धोपटी घेऊन यायचा आणि मागच्या अंगणात काम उरकून जायचा. सावित्रीबाई बोलायला मऊ, पण रस्त्यात कुणी चांगल्या कामाला निघालेलं दिसलं की आपणच बाजूला होऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. मला ते बघवत नसे.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी भोसरीचे अर्जुनराव दौलतरावांकडे आले. चांगला उंचापुरा शेतकरी गडी, डोक्याला फेटा, पण आल्यापासून नजर जमिनीवर. बराच वेळ त्यांनी ऊस, थंडी, रस्ता असं काहीबाही काढलं आणि मग दौलतरावांना विचारलं की तुम्ही बायकांच्या डोक्याचं काही बांधता का. दौलतरावांना वाटलं माणूस थट्टा करतोय. ते नाही म्हणाले. अर्जुनराव मान हलवून उठले, वहाणांत पाय घातला, आणि छबूबाईने विचारलं, "पाव्हणं, बाईमाणसाला कशापायी पायजे?"

मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. उठून घरी जायला हवं होतं. पण असल्या वेळी उठतं कोण?

अर्जुनराव परत बसले आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या बायकोला, शालनबाईला, कानामागे गाठ झाली होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, गाठ काढली, आणि मग पुन्हा उठू नये म्हणून डोक्याला रोज विजेचा शेक दिला. कॅन्सर असं रोगाचं नाव. बाई वाचली. पण शेक चालू असतानाच एके सकाळी फणी फिरवली आणि केस मुळासकट फणीबरोबर आले. पुढे काही राहिलंच नाही. गावात सांगितलं होतं की डोळ्यांच्या औषधाला मुंबईस नेली. कारण त्या वेळी या रोगाचं नाव ज्या घरात निघे, त्या घरचं पाणीही लोक पीत नसत. आणि वैशाखात लेकीचं लग्न ठरलं होतं, खेडच्या नानासाहेबांच्या मुलाशी. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

छबूबाईने एकेक विचारून घेतलं. भुवया आहेत का गेल्या, डोकं उन्हाने चुरचुरतं का, गाठीच्या जागी शिवण दुखते का. अर्जुनरावांना निम्म्याची उत्तरं माहीत नव्हती. पुण्यात नाटकवाल्यांना केसांचे टोप करून देणारा एक माणूस होता, त्याच्याकडे ते जाऊन आले होते. किंमत ऐकून जिना उतरले. तमाशाच्या फडातल्या एकाने जुना टोप देऊ केला, पण तो हातात घेतल्यावर त्यांना तो घरी न्यावासा वाटेना.

"फडकं बांधून वरनं पदर घेतला तर?" छबूबाईने विचारलं.

"त्येच करती. पर पदर ऱ्हात न्हाई." अर्जुनरावांनी आपला हात डोक्याशी नेऊन दाखवला. "येक हात असा वर. पदर धरायचा, आन दुसऱ्या हातानं काम करायचं. पाण्याला जायची सोडली, शेतात यायची सोडली. घरातल्या घरात कशीबशी चालती. पर मांडवात कन्यादानाला दोन्ही हात लागत्यात हो."

हे बोलल्यावर त्यांनी फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले. छबूबाई उठली आणि दोऱ्याचं एक रीळ त्यांच्या हातात ठेवलं. डोक्याचं माप दोऱ्याने घ्या, गाठ मारा, आणि पुढच्या बाजाराला येताना घेऊन या. बाकी मी बघते, म्हणाली. काय बघणार होती ते तिलाही ठाऊक नसावं.

माप आलं. छबूबाईने जुन्या मऊ धोतराची टोपी शिवली, वरून काळं कापड लावलं, मागे उंचावर शेवरीच्या कापसाचा हलका अंबाडा बसवला. लाकडी डोक्यावर चढवली तेव्हा लांबून खरीच दिसली. मी माझ्या लुगड्याचा पदर त्यावर टाकला. पदर अंबाड्यावर क्षणभर थांबला आणि सरळ खाली आला. पुन्हा टाकला, पुन्हा खाली. छबूबाईने स्वतःच्या डोक्यावर टोपी घालून पाहिली तर पदर छान बसला, पण तिच्या टोपीखाली तिचे दाट केस होते, त्यामुळे त्यातून काही ठरेना. ती त्या लाकडी डोक्याकडे बघत म्हणाली की हे समदे बापे, यांना पदराचं काय कळणार.

दोन-तीन दिवस ती गप्प होती. छबूबाई गप्प म्हणजे गल्लीला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मग एका सकाळी आम्ही ओट्यावर बसलो असताना सावित्रीबाई नदीवरून परत येत होत्या. पवनेकडून चांगलाच वारा सुटला होता. माझा पदर दोनदा उडाला. सावित्रीबाईंच्या एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात ओलं वस्त्र, आणि डोक्यावरचा आलवणाचा पदर जागच्या जागी.

छबूबाईने माझ्या दंडाला धरलं. "कुसुम, काकूंचा पदर कसा गं सरकत न्हाई?"

मी तिला म्हटलं, मावशी, हे विचारायचं नाही. आणखी काहीही विचारा. पण ती तोवर रस्ता ओलांडून गेली होती. तिला आवरायला म्हणून मीही मागोमाग गेले. आता म्हणायला काय, मलाही ऐकायचं होतं.

तिने ते तसंच्या तसं विचारलं, काही आडपडदा न ठेवता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावित्रीबाईंनी कळशी खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी छबूबाईकडे, मग माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"सगळा जन्म गेला," त्या म्हणाल्या, "हे मला कुणी विचारलं नाही."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा खुलत गेला. चिमाजी येऊन गेला की त्या दिवशी पदर मुळीच ठरत नाही, म्हणून त्या दिवशी त्या बाहेर पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडा ठरतो. मग डोक्यावर बारीक खुंट येतात, ते कापडाला धरून ठेवतात. शिवाय आलवणाचा पदर अंगाभोवती घेऊन कमरेला खोचलेला असतो, पण तसं नेसणं सवाष्णीला चालायचं नाही. कोणासाठी हवंय, असं त्यांनी विचारलं. छबूबाईने नाव-गाव न घेता बाकी सगळं सांगितलं.

"म्हंजे खुंट पायजेत," छबूबाई घरी येता येता पुटपुटली. त्या दिवशी तिने घरातल्या प्रत्येक वस्तूवरून हात फिरवला. गोणपाट, काथ्या, सुपाची पाठ, माझा नवा टॉवेलसुद्धा. शेवटी तिचा हात काळ्या घोंगडीवर थांबला. घोंगडीची एक पट्टी तिने टोपीच्या माथ्यावर, बरोबर पदर टेकतो तिथे शिवली. वैशाखात उकडेल म्हणून बाकी सगळं सुतीच ठेवलं. लाकडी डोक्यावर पदर टाकला. तो थांबला. मी फुंकर मारली, पंख्याने वारा घातला, तरी थांबला.

अंबाड्याचं काम राहिलं होतं. लग्नात विहीण पुढे येऊन वेणी माळणार, तिच्या बोटांना केस लागायला हवेत. छबूबाईने निरोप धाडला की लेकीचं गुंतवळ पाठवा. विंचरताना निघालेले केस कुणी परक्याच्या हाती देत नाही, त्यांनी करणी होते म्हणतात, म्हणून बायका ते भिंतीच्या फटीत नाहीतर चुलीत घालतात. पण अर्जुनराव पुरचुंडी घेऊन आले. नवरी मुलीने विचारलं होतं म्हणे, आईला पुरतील ना, का वेणी कापून देऊ? छबूबाईने त्या केसांनी अंबाडा मढवला आणि उरलेले कपाळावरच्या कडेला बारीक टाक्यांनी लावले.

तरीही तिचं समाधान होईना. लाकूड मान हलवत नाही, वाकत नाही, त्याला घाम येत नाही. ती टोपी हातात धरून पुन्हा सावित्रीबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. या खेपेला तोंडातून प्रश्न निघेना, नुसतीच बघत राहिली.

"माझं डोकं हवंय का तुला?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"व्हय," छबूबाई म्हणाली.

सवाष्णीने लग्नात घालायची वस्तू आधी विधवेच्या डोक्यावर चढवायची! माझ्या सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला वाईला परत नेलं असतं. सावित्रीबाईंनाही ते कळत होतंच. पण त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आतलं धोतर कुणाचं. दौलतरावांचं म्हटल्यावर म्हणाल्या, ते काढ, कोरं मांजरपाट लाव. वरची लोकर सोवळ्यातही चालते, आणि शिवाशिवीचं म्हणशील तर मी नंतर आंघोळ करीन. छबूबाईने मुकाट्याने अस्तर उसवलं.

दुपारी दार लावून आम्ही तिघी बसायचो. मापाचा दोरा त्यांच्या डोक्याला जवळजवळ बरोबर बसला, बोटभर काय तो फरक. टोपी घालून त्या वाकायच्या, उठायच्या, पाटावर बसायच्या, खोटं खोटं कन्यादान करायच्या. कुठे घट्ट होतं, कुठे टोचतं ते सांगायच्या. छबूबाई उसवायची आणि शिवायची. अंबाडा तिने आधी इथल्या ब्राह्मणबायकांचा असतो तसा उंच लावला होता. सावित्रीबाईंच्याच लक्षात आलं की शेतकरी घरांतल्या बायका तो मानेवर घेतात, बायका पदराच्या पडण्यावरून ओळखतील. तो खाली आला.

शेवटच्या दिवशी सगळं नीट बसलं. छबूबाई टोपी काढायला पुढे झाली.

"जरा राहू दे," सावित्रीबाई म्हणाल्या. "मागे असं ओढल्यासारखं होतं, त्याला मान कशी ठेवायची ते बघते."

मग त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की नवरा गेला तेव्हा त्यांच्या दोन वेण्या होत्या. अंबाडा घालण्याएवढ्या त्या झाल्याच नव्हत्या. मला रडू आलं आणि कुणाचा तरी भयंकर राग आला, पण नेमका कुणाचा ते कळेना. छबूबाईने हात मागे घेतला आणि सुईत दोरा ओवत बसली. सुईत दोरा आधीच होता.

चैत्रात शालनबाई आली. बैलगाडीतून, अंगभर पदर लपेटून, एक हात डोक्याशी. अर्जुनराव बाहेर गाडीपाशी थांबले. चाळिशीची, रोगाने वाळलेली, पण डोळे मोठे आणि पाणीदार. आमच्यासमोर डोकं उघडं करताना तिने डोळे मिटून घेतले. छबूबाईने टोपी चढवली, वर पदर दिला आणि हातात आरसा ठेवला. शालनबाईने डोळे उघडले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, खाली वाकली. पदर हलला नाही. दोन्ही हात पुढे करून तिने ते पाहिले आणि हसली. केस गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली असेल, असं मला वाटलं.

टोपी काढून ती आतून-बाहेरून न्याहाळू लागली, कौतुकाने, टाका न् टाका. आणि तिचं बोट थांबलं. घोंगडीच्या पट्टीच्या कडेला एक लाल धागा अडकला होता. आलवणाचा. शालनबाईने तो ओढून काढला, उजेडात धरला.

"ह्ये कुनाच्या डोक्यावर बसवून बघितलंय?"

पगडीच्या अस्तराचा असेल, असं मी घाईघाईने म्हणाले. छबूबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर दुसऱ्यांना खरं विचारणाऱ्या बाईला स्वतःवर पाळी आल्यावर खोटं बोलता येईना.

"समोरच्या काकूंच्या," ती म्हणाली. "त्येंच्या डोक्यावर केस न्हाईत, म्हून."

शालनबाईने टोपी जमिनीवर ठेवली. ती ओरडली नाही. "माझा धनी भाईर गाडीपाशी हुबा हाय," ती म्हणाली, "आन तो असताना मी आधीच अशी दिसती. रोज कुकू लावताना मी आरशात कपाळाच्या वर बघत न्हाई, बाई. त्यात ह्ये घालून लेकीच्या मांडवात जाऊ? न्हाई. माझी जाऊ करंल कन्यादान. मी चुलीपाशी बसंन."

चूक कुणाचीच नव्हती आणि तरी सगळं बिनसलं होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. सावित्रीबाई. एरवी कुणाकडे सवाष्ण आली की त्या आपलं दार लावून घेत. पण आज टोपीचा दिवस त्यांना माहीत होता, आणि त्यांच्याने राहवलं नाही. छबूबाईची खोड त्यांनाही लागली होती बहुधा.

"बसली का गं नीट?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. मग जमिनीवरची टोपी दिसली, शालनबाईचा चेहरा दिसला, आणि सगळं समजून त्या मागे फिरल्या. शालनबाईचं डोकं अजून उघडंच होतं. दारातून आलेलं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. जाता जाता सावित्रीबाई थबकल्या आणि मान तिरकी करून बघत राहिल्या.

"बाई गं," त्या शालनबाईला म्हणाल्या, "तुझ्या डोक्याला हात लावू का? नको असेल तर नाही लावत."

बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग शालनबाईने हळूच मान खाली घातली.

सावित्रीबाई आत आल्या, तिच्यामागे बसल्या आणि मानेपासून वर, उलट्या दिशेने बोटं फिरवू लागल्या. एकदा, दोनदा. कानामागे शिवण होती तिथे थांबल्या, बाजूने गेल्या.

"आलेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"केस. डोळ्यांना दिसायचे नाहीत अजून. उलटा हात फिरवला की लागतात."

"इस्पितळात म्हनले, यायचे तर येतील, न्हाईतर न्हाई."

"माझी बोटं फसायची नाहीत. माझे एवढे झाले की चिमाजीची पाळी येते." बोटं अजून फिरतच होती. "तुझे राहू देत."

शालनबाईने आपला हात मागे नेला. सावित्रीबाईंनी तिची बोटं धरून त्या जागी लावली, उलटी फिरवली. शालनबाई ते पुन्हा पुन्हा करत राहिली आणि मग मोठ्याने रडली. बाहेरून अर्जुनरावांनी घाबरून हाक मारली. छबूबाईने त्यांना ओरडून सांगितलं की काही नाही, बायकांचं चाललंय.

रडणं थांबल्यावर शालनबाईने डोळे पुसले, जमिनीवरची टोपी स्वतःच उचलली आणि सावित्रीबाईंपुढे धरली.

"तुमीच घाला," ती म्हणाली.

गाडीकडे जाताना तिने एका हातात लुगड्याचा घोळ धरला आणि दुसरा हात चढायला अर्जुनरावांच्या हातात दिला. अर्जुनराव तिच्या डोक्याकडे बघत राहिले. पदराला कुणाचाच हात नव्हता. गाडी हाकायची त्यांना सुधरेना.

लग्नाला आम्ही दोघी भोसरीला गेलो. छबूबाईने जेवणात लक्ष घातलं नाही, तिची नजर एका पदरावर. कन्यादानाच्या वेळी शालनबाईने ओंजळीत पाणी सोडलं तेव्हा छबूबाई माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बांगडी पिचली. मग विहीण दुर्गाबाई वेणी घेऊन उठली. तिने शालनबाईचा पदर मागून थोडा वर केला, अंबाड्याला बोटांनी चाचपलं आणि आकडा खुपसला. क्षणभर थांबली. मला वाटलं, संपलं. पण ती शालनबाईला म्हणाली की इतक्या वाळलात तरी केस मऊ राहिलेत हो तुमचे, लेकीवर गेलेत. शालनबाई म्हणाली, व्हय, लेकीचेच हायेत. दुर्गाबाई हसली आणि पुढे गेली.

परतल्यावर सावित्रीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना लग्नाला येता आलं नव्हतं, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं आणि तशी त्यांची अपेक्षाही नव्हती. पण सगळं ऐकायचं होतं. आणि मग मी कधी न पाहिलेलं पाहिलं. सावित्रीबाई प्रश्न विचारत होत्या आणि छबूबाई उत्तरं देत होती.

दिवाळीच्या सुमारास शालनबाई पुन्हा आली, चालत्या गाडीतून उतरावी अशा घाईने. बोटाएवढे केस आले होते, दाट आणि किंचित कुरळे. पदर आपला आपण ठरत होता. टोपी तिने धुऊन, घडी करून आणली होती. छबूबाईने हात पुढे केला, पण शालनबाईने टोपी तिला दिली नाही. समोरच्या दाराकडे बोट करून हायेत का असं विचारलं आणि एकटीच तिकडे गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं.

मला त्या टोपीने झोप लागू दिली नाही. काय केलं असेल त्यांनी तिचं? पेटीत ठेवली, का कुणाला दिली? मी छबूबाईला टोचून पाहिलं, की तुम्ही तर विचारू शकता. ती मिश्री लावत राहिली आणि भलतंच बोलली.

मग एक दिवस दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो असताना चिमाजी जरा लवकर आला. सावित्रीबाईंचं दार आतून लावलेलं होतं. त्याने हाक दिली आणि त्यांच्याच ओट्यावर बसून धोपटी उघडायला घेतली. दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा सावित्रीबाईंनी पदर घाईने घेतलेला होता, आणि कपाळावर, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत, घट्ट टोपीची कड बराच वेळ बसल्यावर उमटतो तसा लाल वळ होता. मला दिसला. छबूबाईलाही दिसला. चिमाजी खाली मान घालून वस्तरा पुसत होता. त्याने अजून वर पाहिलं नव्हतं.

छबूबाई मिश्रीचं तोंड न धुता रस्ता ओलांडून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, अशी की त्याला दाराकडे पाठ करावी लागली. सुनेचं बाळंतपण माहेरी झालं का सासरी? हा वस्तरा कुठल्या दगडावर लावतोस? तुरटी ओली का लावायची, कोरडी का नाही? टक्कल पडलेल्या माणसाची हजामत तू पुरी धरतोस का अर्धी? चिमाजी बिचारा एकेकाचं उत्तर देत होता. त्याच्या पाठीमागे उंबऱ्यात सावित्रीबाई ताठ मानेने उभ्या होत्या, आणि कपाळावरचा तो वळ पुसून जाईपर्यंत छबूबाईने त्याला मान वळवू दिली नाही.